माणसं नसलेलं गाव

१

सुलेखाच्या घरातून समोरच्या घरात आणि समोरच्या घरातून सुलेखाच्या घरात एक वाडगा दोन वर्षं ये-जा करत होता. पांढरा, चिनी मातीचा, काठावर निळी वेल आणि एका जागी टवका उडालेला. वाडगा समोरच्या इंगेआजींचा. सुलेखा, अभय आणि त्यांची जाई सिंगापुरात पुंगोलच्या या फ्लॅटमध्ये नवीन राहायला आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात आजी त्या वाडग्यातून सफरचंदाचा केक घेऊन आल्या होत्या. आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे सुलेखाच्या हाडात मुरलेलं. तिनं त्यात रव्याचे लाडू घालून दिले. आजींनी त्यात दालचिनीची बिस्किटं पाठवली. मग चिवडा गेला, मग जॅम आला, आणि ते चालूच राहिलं.

"तुमचं दोघींचं हे थांबणार कधी?" अभयनं एकदा विचारलं.

"कुणीतरी रिकामा देईल तेव्हा."

"म्हणजे कधीच नाही," अभय म्हणाला, आणि आलेल्या बिस्किटांतलं मोठं बघून त्यानं उचललं.

इंगेआजी डेन्मार्कच्या. जहाजावरच्या तान नावाच्या इंजिनिअरशी लग्न करून त्या तरुणपणी सिंगापूरला आल्या आणि इथल्याच झाल्या. नवरा गेला, मुलगा पर्थला गेला, आजी राहिल्या. उंच, जराशा वाकलेल्या, पांढरे केस मुलासारखे बारीक कापलेले. इंग्रजी मात्र पक्कं इथलं, वाक्याच्या शेपटाला 'लाह' लावणारं. "खाऊन घे लाह, गार होईल," असं त्या जाईला म्हणायच्या तेव्हा अभयला हसू आवरायचं नाही.

वाडगा त्या नेहमी दोन्ही हातांनी घ्यायच्या. हातात काठी असली तर आधी ती भिंतीला टेकवून ठेवायच्या. जाईचं बोट धरलेलं असलं तर तेही सोडायच्या. एकदा तेवढ्या वेळात जाई लिफ्टमध्ये शिरली आणि एकटीच खाली जाऊन आली. सुलेखा म्हणाली, "आंटी, एका हातानं घेतलंत तरी चालेल हो." आजींनी मान हलवली. "तानच्या आईनं पहिल्या दिवशी शिकवलं. एका हातानं घेतलं तर देणाऱ्याचा अपमान. आता हात ऐकत नाहीत माझे."

दिवाळीत शंकरपाळी गेली तेव्हा आजी दारातच थांबल्या. एक तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

"हे माझी आई करायची. ख्रिसमसला. पण तू पीळ द्यायला विसरलीस."

"आम्ही पीळ देत नाही, आंटी."

"मध्ये चीर पाडायची आणि एक टोक त्यातून ओढून घ्यायचं. एवढं तर काम."

"एवढ्या सगळ्यांना पीळ देत बसले तर दिवाळी संपेल."

"मग ही आळशी लोकांची म्हणायची," आजी म्हणाल्या आणि वाडगा पोटाशी धरून आत गेल्या.

२

ऑफिसच्या दिवशी सुलेखा वन-नॉर्थला जायची आणि बालवाडी सुटल्यावर जाई आजींकडे असायची. तिथे सोफ्याच्या वर भिंतीवर एक चित्र होतं. लाकडी फळीवर रंगवलेलं, हातभर लांब. आजींच्या गावाचं. त्या गावाचं नाव सुलेखाला कधीच नीट उच्चारता आलं नाही. आजी ते निम्मं बोलायच्या आणि निम्मं गिळायच्या.

मध्ये मोठं निळं तळं. तळ्यात गेलेला लाकडी धक्का, त्याला बांधलेली चाकाची आगबोट. धक्क्याला लागून पिवळ्या भिंतींचं आणि लाल कौलांचं घर. ते आजींचं. मागे पायऱ्या पायऱ्यांच्या माथ्याचं चर्च, बाजूला कागदाच्या गिरणीचं धुराडं, आणि सगळ्याच्या मागे उंच झाडी. आजींचे वडील त्या गिरणीत कामाला होते. रविवारी सुट्टी मिळाली की ते हे चित्र काढत.

जाईला त्या गावाचं सगळं पाठ झालं होतं. चर्चच्या छताला एक छोटं जहाज टांगलेलं आहे. दिवस मावळला की तिथे घंटा होते, मग शेतातली माणसं घरी येतात. थंडीत तळ्याचं बर्फ करवतीनं कापून लाकडाच्या भुशात पुरून ठेवायचे, ते उन्हाळ्यापर्यंत टिकायचं. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी प्रत्येक खिडकीत मेणबत्त्या लावतात, कारण आजी लहान असताना त्या संध्याकाळी लढाई संपली आणि खिडक्यांवरचे काळे पडदे निघाले. आजी इथेही लावायच्या. पहिल्या वर्षी अभय घाबरून विचारायला गेला होता, "आंटी, लाइट गेले का?"

"पण चित्रात माणसं का नाहीत?" जाईनं एकदा विचारलं.

"माझ्या बाबांना माणसं काढता येत नव्हती," आजी म्हणाल्या. "एकदा त्यांनी आईला काढलं. ती घोड्यासारखी दिसायला लागली. आईनं त्यांना ते खरवडून काढायला लावलं. तेव्हापासून गाव रिकामं."

जाई हसून हसून सोफ्यावरून खाली घसरली.

जाईला बर्फ बघायचं होतं. आजींनी कबूल केलं होतं की तळं गोठलं की तिला बर्फावर घसरायला नेतील. त्यासाठी त्या लाल लोकरीचे हातमोजेही विणायला घेऊन बसल्या होत्या, तेही सिंगापूरच्या उकाड्यात, पंखा पाचवर ठेवून.

"तळं गोठलेलं कळतं कसं?" जाईनं विचारलं.

"गोठायला लागलं की तळं गातं. संध्याकाळी घरात ऐकू येतं. लांबलचक तार कुणीतरी ओढतंय असं. बाबा म्हणायचे, गातंय तोवर पाय ठेवायचा नाही. गाणं थांबलं, की बर्फ धरलं. मग जायचं."

दारात उभी राहून सुलेखा हे ऐकत होती. म्हातारं माणूस आणि लहान मूल यांच्यातली कबुली ती. असल्या कबुलीला कुणी मनावर घेत नाही.

३

जूनमध्ये आजींना ॲम्ब्युलन्समधून नेलं, आणि पंधरवड्यानं त्या गेल्या.

त्यांचा मुलगा एरिक पर्थहून आला. अबोल होता. घर रिकामं करताना त्यानं चित्र उचलून सुलेखाच्या दारात आणलं. "आईनं सांगून ठेवलंय, हे जाईचं." सुलेखा आत जाऊन वाडगा घेऊन आली. आजी दवाखान्यात जायच्या दोन दिवस आधी तो आला होता, म्हणजे द्यायची पाळी सुलेखाची होती. एरिकनं त्या वाडग्याकडे बघितलं आणि त्याचे डोळे भरले. "तो राहू दे तुमच्याकडेच," तो म्हणाला.

अर्धवट विणलेला एक लाल हातमोजा सुयांसकट सामानाच्या पोत्यात जाताना सुलेखानं पाहिला होता. मागून घ्यावा असं वाटलं, पण संकोच आला.

चित्र हॉलमध्ये लागलं. सुलेखा घरून काम करू लागली. समोरच्या दाराला कुलूप आणि जाळीत अडकलेली जाहिरातींची पत्रकं. जाई काही दिवस त्या दारापाशी जाऊन उभी राहायची, मग तीही थांबली.

दिवाळी आली. शंकरपाळीचा पहिला घाणा उतरला आणि सुलेखाच्या हातानं सवयीनं फडताळातून वाडगा काढला. भरून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. आता न्यायचा कुठे? पुन्हा डब्यात ओतायलाही मन होईना. तिनं तो चित्राखालच्या टेबलावर ठेवला. आपण देवापुढे नैवेद्य ठेवतो तसा. आजूबाजूला कुणी नाही हे बघून हळूच म्हणाली, "आंटी, घ्या. पीळ दिलेला नाही, चालवून घ्या."

सकाळी वाडगा धुतलेला होता. पुसून लखलखीत. आत एकच शंकरपाळी होती, जरा जास्त तळलेली, आणि तिला मध्ये पीळ होता.

४

"मी नाही लाह," जाई म्हणाली. तोंडात टूथब्रश होता.

"तूच केली असशील एखादी. आजींची आठवण म्हणून," अभय सुलेखाला म्हणाला. तो रॅफल्स प्लेसला ऑफिसला निघाला होता, एका पायात बूट.

"आणि बाकीच्या कुणी खाल्ल्या?"

त्यानं अपराधी चेहरा केला. "रात्री दोन-चार मी घेतल्या होत्या. वाडगा मात्र मी धुतला नाही. मी भांडी धुतलेली तुला कळत नाहीत असं कधी झालंय का?"

सुलेखानं मनाशी जुळवून बघितलं. अभयनं खाल्ल्या, उरलेल्या जाईनं. वाडगा आपणच धुतला असेल, सणाच्या गडबडीत हात आपोआप चालतात. पीळही आपल्याच हातानं दिला असेल. सगळं बसत होतं. मग तिनं ती शंकरपाळी खाल्ली. लिंबाच्या सालीचा वास आला. आजी घालायच्या. सुलेखाच्या घरात लिंबू नव्हतं. आणि वाडगा फ्रिजमधून काढल्यासारखा गार होता.

खरं सांगायचं तर तिला भीती वाटली नाही. ती खुर्चीवर बसली आणि डोळ्यांना ओढणी लावून थोडी रडली. किती दिवसांनी कुणीतरी दार वाजवून गेल्यासारखं वाटलं.

दुपारी जाई चित्रासमोर मांडी घालून बसली होती. "आई, आजी घरी पोचली."

"कशावरून?"

"बघ ना. लाइट लावलाय."

पिवळ्या घराच्या खिडकीत पिवळाच ठिपका होता. आधीपासून असेल. आपण एवढं निरखून कधी बघितलं होतं?

वाडगा रिकामा पडला होता. सुलेखानं त्यात चकल्या घातल्या.

५

मग ते पुन्हा सुरू झालं. रोज नाही. आजी कधीच घाई करत नसत. चार-पाच दिवसांनी एखाद्या सकाळी वाडगा धुतलेला असायचा आणि त्यात काहीतरी असायचं. मधाच्या केकचा तुकडा. एक सफरचंद, दुकानातल्यासारखं चकचकीत नव्हे, छोटं आणि किडीची खूण असलेलं. एकदा तर नुसतंच एक पान, तांब्याच्या रंगाचं, ओलं.

अभयला तिनं सांगणं सोडलं. तो हसला असता, आणि तिला ते हसणं नको होतं. खाली बागेत बदामाची झाडं आहेत, त्यांची पानं लाल होऊन गळतात. जाईनं आणलं असेल एखादं. तिनं बदामाचं पान आणून शेजारी ठेवून बघितलं. वेगळं होतं. तिनं दोन्ही पानं केराच्या टोपलीत टाकली, आणि मग एक परत काढलं.

नोव्हेंबर संपता संपता चित्रातली झाडी विरळ झाली. तिला वाटलं रंग उडतोय. इथली दमट हवा कशाला सोडत नाही. तळ्याचा निळा रंगही काठाकाठानं करडा पडत चालला होता.

आवाज पहिल्यांदा आला तेव्हा ती देवापाशी दिवा लावत होती. लांबून, बारीक, तार ताणून कुणीतरी त्यावरून बोट फिरवावं तसा. वर चढत गेला आणि मध्येच तुटला. तिनं खिडकीतून पाहिलं. दोन इमारतींमधल्या वळणावरून एलआरटीची छोटी गाडी जात होती. वळणावर रूळ घासत असतील. रोज जाते, रोज वाजत असेल.

"तळं गातंय," जाई म्हणाली. ती चित्र काढत होती, मान वर न करता म्हणाली.

"गाडी आहे ती, बाळा."

"नो लाह. गाडी छोटं गाते."

मग चर्चच्या घंटेचाही आवाज आला. दूरचा, जाड रजईखालून यावा तसा. सुलेखानं टीव्ही लावला. चित्राकडे बघायचं नाही असं ठरवून तिनं पोळ्या केल्या, आणि ताटं घेऊन हॉलमध्ये आल्यावर पहिल्यांदा चित्राकडेच बघितलं.

धक्क्याच्या टोकाला एक उभी रेघ होती. करडी, नखाएवढी. वरच्या बाजूला पांढरट. तिनं जवळ जाऊन बोटानं पुसून पाहिली. रंग होता, जुना, तडे गेलेला. बाकीच्या चित्राइतकाच जुना.

माझ्या बाबांना माणसं काढता येत नव्हती.

तिनं चित्राकडे पाठ करून ताटं मांडली.

६

डिसेंबरच्या सुरुवातीला वाडग्यात एक हातमोजा आला. लाल, डाव्या हाताचा, पूर्ण विणलेला. जाईच्या हाताला तंतोतंत बसला.

आजींना जाईची आठवण येते, इथपर्यंत सुलेखाला सोसत होतं. त्या जाईसाठी कपडे धाडताहेत, हे सोसेना. कपडे माणूस निघताना घालतं.

जाई हातमोजा घालूनच झोपली. सकाळी सुलेखानं तो काढला तर आतला हात गार होता, नखांशी निळसर. पंख्यानं, तिनं स्वतःला समजावलं. मग तिनं अभयला उठवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.

तो हसला नाही. उठून चित्रापाशी गेला, धक्क्यावरची रेघ बघितली, चष्मा काढून पुन्हा बघितली. "मला आठवत नाही ही होती की नव्हती," तो म्हणाला. "पण तुला त्रास होतोय ना? मग काढू हे इथून."

त्यानं चित्र बॉम्ब शेल्टरमध्ये नेलं. इथल्या प्रत्येक फ्लॅटमध्ये ही एक खोली असते, जाड भिंतींची, बिनखिडकीची, पोलादी दाराची. लढाईसाठी बांधलेली आणि बॅगा ठेवायला वापरलेली. चित्र बॅगांना टेकवून त्यानं दार ओढलं आणि कडी फिरवली. हॉलच्या भिंतीवर चित्राच्या मापाचा ओलसर चौकोन राहिला होता. वाडगा सुलेखानं ओट्यावरच्या सगळ्यात वरच्या कपाटात मागे सारला. रिकामाच. हात अडखळला, पण सारला.

बरेच दिवस सगळं ठीक गेलं. जाईची शाळा जानेवारीत सुरू होणार होती, पहिलीचा गणवेश आणून झाला. संध्याकाळी तो आवाज अजून यायचा, पण पोलादी दारामागून, आणि खिडक्या लावल्या की एलआरटीचा समजता यायचा. तो रोज थोडा कमी होत होता. सुलेखाला त्याचं बरंच वाटलं. आजींनी सांगितलेलं ती विसरली होती. किंवा तिला विसरायचं होतं.

मग एका सकाळी जाई उजव्या हातात दुसरा हातमोजा घालून दुधाला आली.

सुलेखानं दुधाचा पेला सावकाश खाली ठेवला. "हा कुठून आणलास?"

"आजीनं दिला."

"वाडगा तर वर आहे."

"मी स्टूलवर चढून काढला. तूच म्हणतेस ना, रिकामा नाही ठेवायचा. आपली पाळी होती, आई. तू विसरलीस." जाई समजूत घालावी तशा आवाजात बोलत होती. "शेल्टरमध्ये मी कडी उघडते, मला येते."

"त्यात काय घातलंस?"

जाईनं ओठ वर केला. पुढचा दात नव्हता. काल दुपारपर्यंत तो हलत होता.

"माझ्याकडे दुसरं काही माझं नव्हतं," ती म्हणाली.

७

त्या दिवशी सुलेखानं जाईला नजरेआड होऊ दिलं नाही. शेल्टरच्या कडीला तिनं दोरी बांधून गाठी मारल्या. अभयला फोन केला. तो म्हणाला, "मी लवकर निघतो. ते चित्र आजच एरिकला पाठवायची सोय करू." हातमोजे तिनं काढून आपल्या कपाटात ठेवले. दिवस कसाबसा गेला.

सातच्या सुमाराला अंधारून आलं. तिनं जाईला हॉलमध्ये रंगपेटी देऊन बसवलं आणि देवापाशी दिवा लावला. काडी विझवली. हात जोडले. आणि तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

खालून एलआरटी गेली. तिचा स्वतःचा आवाज आला, बारीक, रोजचा. तो दुसरा आवाज नव्हता.

गाणं थांबलं होतं.

"जाई?"

हॉलमध्ये रंगपेटी उघडी होती. पॅसेजच्या फरशीवर पाय ठेवला तर तळवा चटकन उचलावा इतकी गार. शेल्टरची दोरी सुटून खाली पडली होती, एकही गाठ न कापता, नीट सोडवलेली, गुंडाळी करून ठेवलेली. आजी लोकर गुंडाळायच्या तशी. पोलादी दार हातभर उघडं होतं.

आत दिवा चालू होता. बॅगा, जाईची जुनी सायकल, आणि बॅगांना टेकलेलं चित्र. तळं या काठापासून त्या काठापर्यंत पांढरं झालं होतं. धक्क्यावर कुणी नव्हतं. धक्क्यापासून बर्फावरून, कुणी घसरत आल्यासारख्या, दोन बारीक रेघा निघाल्या होत्या. वळत वळत, पुढे येत, मोठ्या होत, थेट चौकटीच्या खालच्या कडेपर्यंत. तिथे त्या संपत होत्या.

चित्रासमोर जाई अनवाणी उभी होती. दोन्ही हातांत लाल मोजे. डाव्या हातानं तिनं वाडगा छातीशी धरला होता, त्यात डब्यातली उरलेली शंकरपाळी. उजवा हात खांद्याच्या वर होता. मोठ्या माणसाचं बोट धरून चालताना मुलाचा हात असतो तसा. त्या हाताच्या मोज्याला सुरकुत्या पडल्या होत्या. लोकर बाहेरून दाबली गेली होती.

"आई, बर्फ धरलं," जाई म्हणाली. "आम्ही जाऊन येतो. जेवायच्या आधी येऊ."

सुलेखानं पुढे होऊन तिला कमरेला धरलं आणि ओढलं. जाईचा वरचा हात ताणला गेला.

"आई, दुखतंय."

सुलेखा थांबली. आणि त्याच क्षणी पलीकडची ओढही थांबली. अगदी लगेच. जो कुणी होता त्यालाही मुलीला दुखवायचं नव्हतं.

त्या एवढ्याशा थांबण्यानं सुलेखाला ओळख पटली. तोवर तिला खोलीत काय आहे ते कळत नव्हतं. आता कळलं, की खोलीत इंगेआजी आहेत. तिची भीती गेली नाही, पण तिला काय करायचं ते सुचलं.

जाईला तशीच पायांशी टेकवून तिनं तिच्या हातातून वाडगा घेतला. शंकरपाळी बॅगेवर ओतली. ओढणीच्या टोकानं वाडगा आतून पुसला, एक कणही ठेवला नाही. आणि तो दोन्ही हातांनी पुढे धरला. जरा वर, उंच आणि थोड्या वाकलेल्या माणसाच्या हाताला लागेल इतका.

"आंटी, तुमचा वाडगा," ती म्हणाली. "रिकामा आहे. मला माफ करा. तुम्ही इतकं दिलंत. पण माझ्याकडे यात घालायला आता काही नाही. जे आहे ते एकच आहे, आणि ते मला देता यायचं नाही."

काही झालं नाही. दिव्याची बारीक गुणगुण तेवढी. वाडग्याच्या काठावरची निळी वेल हलल्यासारखी दिसत होती.

मग डाव्या बाजूला, भिंतीपाशी, लाकूड टेकल्याचा आवाज आला. काठी टेकवून ठेवतात तसा.

जाईच्या मोज्याच्या सुरकुत्या एक एक करून सुटल्या. हात सावकाश खाली आला.

आणि वाडग्याचं वजन उतरू लागलं, दोन्ही बाजूंनी सारखं. निळ्या वेलीवर, एका काठाला एक आणि दुसऱ्या काठाला एक, अंगठ्याएवढा दहिवराचा ठसा उमटलेला सुलेखानं पाहिला. डोळ्याचं पातं लवेपर्यंत. मग तिचे हात रिकामे होते.

तिनं जाईला उचललं आणि पोलादी दार अंगानं लोटून लावलं. अभयनं येऊन बेल वाजवली तेव्हाही ती दाराला पाठ लावून बसलेली होती, आणि जाई तिच्या मांडीवर मोजे घालून गाढ झोपली होती.

८

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर दोघांनी मिळून दार उघडलं. बॅगेवर शंकरपाळी तशीच होती, मुंग्याही लागल्या नव्हत्या. चित्रात बर्फ होतं. चौकटीच्या कडेपासून दोन रेघा परत गेल्या होत्या, धक्क्यापर्यंत, आणि तिथून पावलांच्या ठिपक्यांची एकच ओळ पिवळ्या घराच्या दारापर्यंत. खिडकीत उजेड होता. उजेडाच्या खाली खिडकीच्या कट्ट्यावर काहीतरी पांढरं ठेवलेलं होतं.

अभयनं फोनचा कॅमेरा जवळ नेऊन मोठं करून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"वाडगा आहे," तो म्हणाला. "उपडा घातलाय."

वाडगा उपडा घातला म्हणजे धुऊन झाला, आता आज कुणाकडे काही जायचं नाही. आजींच्या स्वयंपाकघरात तो असाच असायचा.

चित्र कुणाला देऊन टाकायचं धैर्य तिला झालं नाही. दुसऱ्याच्या घरातही लहान मूल असेल. आणि दाराआड ठेवण्यापेक्षा नजरेसमोर बरं, म्हणून ते पुन्हा हॉलमध्ये आलं. हातमोजेही तिनं टाकले नाहीत. एवढ्या बारीक टाक्यांना किती संध्याकाळी गेल्या असतील, असं मनात येऊन तिचा हात मागे आला.

जाई शाळेत जायला लागली. पडलेल्या दाताची जागा फार दिवस तशीच राहिली. सुलेखा रोज बोट लावून बघायची. मार्चमध्ये एकदाचं टोक लागलं, खरखरीत आणि शुभ्र, आणि ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली. चित्रातलं बर्फही कधीतरी गेलं होतं. झाडीला हिरवं येत होतं.

"आजी रागावली का ग आपल्यावर?" जाईनं एकदाच विचारलं.

"नाही, बाळा. त्यांना कळलं."

मे महिन्यातल्या त्या संध्याकाळी सुलेखानं खिडकीत मेणबत्ती लावली. आजींच्या घरी आता नवीन भाडेकरू होते, तिथून कुणीतरी विचारलंही, काय सण आहे म्हणून. ती नुसती हसली. मागे वळून चित्राकडे पाहिलं तर गावातल्या सगळ्या खिडक्यांमध्ये पिवळे ठिपके होते, आणि रस्त्यावर, धक्क्यावर, कुठेही कुणी नव्हतं. माणसं नसलेलं, शांत, सुंदर गाव.

आताही रोज सात वाजता ती देवापाशी दिवा लावते, हात जोडते, आणि मग आधी त्या पिवळ्या घराच्या खिडकीकडे बघते.

वाडगा उपडाच असतो. आजवर तरी.